वर्कशॉप मोकळं करण्यासाठी घरामागे शेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये, पडवीत किंवा मागच्या खोलीत हौशीने सुतारकाम करणाऱ्यांचं दुखणं बहुधा एकच असतं. टेबल आहे, मशिन आहे, पण मशिनभोवती फिरायला जागा नाही. खालची उत्तरं एका ठरावीक शेडबद्दल आहेत: १२ × ८ फूट, एकपाखी (म्हणजे एकाच बाजूला उतरतं छप्पर), लोखंडी पाइपचा सांगाडा आणि रंगीत पत्रा. जागा रत्नागिरी जिल्ह्यातली, म्हणजे पाऊस आणि वारा दोन्ही भरपूर. देशावर किंवा विदर्भात बांधणाऱ्यांनी पावसाचा भाग थोडा सैल धरावा, उन्हाचा मात्र आवळून.

शेड खरंच लागते का? भिंतीला रॅक मारून भागणार नाही?

पुष्कळदा भागतं, म्हणून आधी तेच करून बघा. हत्यारं, खिळे-स्क्रूचे डबे, शिकंजे, सँडपेपर हे सगळं भिंतीवर चढतं. प्रश्न येतो तो लांब आणि आडव्या मालाचा. प्लायवूडची शीट ८ × ४ फूट असते. ती कटर टेबलवरून उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळे लागतात. म्हणजे १६ फुटांची सरळ वाट हवी. त्या वाटेत फळ्यांची थप्पी, जुनी स्कूटर आणि तीन वर्षं पडून असलेला दरवाजा असेल, तर कितीही रॅक मारा, शीट चिरायला अंगणातच यावं लागतं. अशा वेळी शेडचा विचार करा.

शेडमध्ये काय हलवायचं आणि काय नाही?

दोन गोष्टी बघा: वस्तू रोज लागते का, आणि दमट हवा तिला सोसते का. रोज न लागणारी आणि दमटपणा सोसणारी वस्तू शेडमध्ये जावी. कच्चं लाकूड, फळ्या, बांबू, शिडी, पाइपचे तुकडे, फावडी-घमेली, पाण्याची जुनी टाकी, स्कूटर, सगळं जाऊ द्या.

रंधे, पटाश्या, करवतीची पाती आणि मोटार असलेलं कुठलंही यंत्र घरातच राहू द्या. कोकणात एका पावसाळ्यात रंध्याचा तळ गंजून खरबरीत होतो. फेविकॉल, पॉलिश, थिनर यांनाही पत्र्याखाली पाठवू नका. मे महिन्यात बंद पत्र्याच्या खोलीत दुपारी बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापतं. गोंद घट्ट होतो, आणि थिनरची वाफ कोंडून राहते ती वेगळीच धास्ती. प्लायवूडचं काय, असं विचाराल तर उन्हाळ्यात चालेल, पावसाळ्यात नको. विशेषतः साधं कमर्शियल प्लाय दमट हवेत कडांनी फुगतं.

माप किती घ्यावं? १० × १० बरं का?

चौरस शेड कागदावर छान दिसते, पण लांब मालाला लांब जागा लागते. १२ × ८ मध्ये १० फुटांची फळी सरळ जाते, शिवाय मागे-पुढे हात घालायला जागा राहते. बाजारातल्या मापांशीही हे जुळतं. पाइप २० फुटी येतो. मागच्या, म्हणजे बुटक्या बाजूचे तीन खांब प्रत्येकी ६ फूट ८ इंच धरले तर एका पाइपमध्ये तिन्ही बसतात आणि तुकडा उरत नाही. पत्रा १० फुटी घेतला की ८ फुटांची खोली झाकून पुढे-मागे जवळजवळ फूटभर वळचण मिळते. साधारण साडेतीन फूट रुंदीचा पत्रा एकावर एक चढवल्यावर सव्वातीन फुटांच्या आसपास जागा झाकतो, म्हणजे चार पत्र्यांत १३ फूट. छपराचा एकही पत्रा कापावा लागत नाही.

दार ८ फुटांच्या बाजूला ठेवा, लांब बाजूला नको. लांब बाजूच्या दारातून १० फुटी फळी वळवून आत नेताना काय होतं ते एकदा नेऊन बघितल्यावर कळतं. शीट माणूस कडेवर उभी धरून नेतो, त्यामुळे तिच्यासाठी चार फुटी दार लागत नाही. पण हातगाडी आणि स्कूटरसाठी पाच फुटांचं दुपाखी दार असावं. दारं बाहेर उघडणारी हवीत, नाहीतर आतली तेवढी जमीन कायमची वाया जाते.

परवानगी लागते का?

लागते असं धरूनच चाला. "पत्र्याचीच तर आहे, तात्पुरती आहे" हे उत्तर शेजाऱ्याची तक्रार येईपर्यंतच चालतं. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. घराभोवतीचं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि हद्द यांमधली पट्टी, मोकळं ठेवायचं, हा त्यातला मूळ मुद्दा. आणि आपल्याला शेड घालायची असते ती नेमकी त्याच पट्ट्यात. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन हातानं काढलेला नकाशा दाखवा आणि लेखी विचारा. ग्रामपंचायत हद्दीत पुढे घरपट्टीच्या नमुना ८ मध्ये या बांधकामाची नोंद होऊन थोडी आकारणी वाढू शकते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, नोंद असलेली बरी.

आणखी एक गोष्ट कायद्याइतकीच महत्त्वाची: छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नयेत. गावाकडची निम्मी भांडणं कुंपण आणि पागोळ्या या दोनच विषयांवर होतात.

सोसायटीत राहतो. पार्किंगमध्ये पत्रे मारून घेतले तर?

नको. मोकळ्या पार्किंगला भिंती घालणं नियमात बसत नाही, आणि सोसायटीची सभा त्याहून अवघड असते.

शेडचं तोंड कुठे असावं?

कोकणात आणि घाटाखाली पावसाचा वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. छपराची बुटकी बाजू वाऱ्याकडे आणि उंच बाजू त्याच्या आडोशाला ठेवा. खांबाखालचा सहा इंचांचा काँक्रीटचा ठोकळा धरून आमच्याकडे मागची बाजू ७ फूट २ इंच आणि पुढची ८ फूट ८ इंच आहे, म्हणजे आठ फुटांत दीड फूट उतार. मुसळधार पावसाला तो पुरतो. एवढ्या छपरावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर बाराशे लिटर पाणी मागच्या वळचणीतून खाली येतं. पन्हळ लावून ते बाजूच्या नाल्यात सोडा, नाहीतर जोत्याच्या कडेची माती दरवर्षी खचत जाईल.

नारळाच्या झाडाखाली शेड नको, हे वेगळं सांगायला नको. तरी लोक घालतात, कारण मोकळी जागा तेवढीच असते. मग नारळ वेळच्या वेळी उतरवून घ्या आणि झावळ्या काढा.

जोतं किती उंच घ्यायचं?

आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान फूटभर. कोकणात चिऱ्याचं जोतं स्वस्त आणि भक्कम पडतं. देशावर काळा दगड किंवा विटा. आत मुरमाचा भराव घालून, पाणी मारून, धुम्मसानं चोपा. वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरा आणि चार इंच काँक्रीट घाला. तो कागद बहुतेक गवंडी "कशाला हवाय" म्हणून टाळतात. तुम्ही टाळू नका, कारण पावसाळ्यात जमिनीतून वर येणारी ओल तोच अडवतो. कोब्याला दाराकडे इंचभर उतार द्या, आणि उंबरा न घालता बाहेर छोटा रॅम्प करा.

वाऱ्यानं उडणार तर नाही ना?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकलं. मंडणगड आणि दापोली तालुक्यांतही किती घरांचे पत्रे गेले ते तिथल्या कोणालाही विचारा. पत्रा वाऱ्याच्या ढकलण्यानं जातो असा समज आहे. खरं तर वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. आणि दार उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो.

आकडे मांडून बघा. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. ४४ मीटरच्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोचा दाब पडतो. आपलं छप्पर १२ चौरस मीटरचं. म्हणजे मोठ्या वादळात छपरावर सव्वा टनाहून जास्त ओढ येऊ शकते, आणि पत्रे-पाइप सगळं धरून शेडचं वजन भरतं जेमतेम चारशे किलो. तेव्हा शेड जमिनीवर नुसती ठेवून चालत नाही, तिला खाली धरून ठेवावं लागतं.

म्हणून सहाही खांबांखाली दीड फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरायचं. असा एक ठोकळा ३८० किलोच्या आसपास भरतो, सहा मिळून सव्वादोन टन. १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला सिमेंटच्या सहा गोण्या लागतात. ठोकळा कोब्याच्या वर सहा इंच काढा, त्यात १२ मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट रोवा आणि खांबाची बेस प्लेट त्यावर नटांनी आवळा. खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडू नका. काँक्रीट आणि हवा जिथे भेटतात नेमक्या त्या रेषेवर पाइप गंजतो, आणि वरून रंग चांगला दिसत असताना आतून खाल्ला जातो.

साखळी मात्र पूर्ण हवी. खांब घट्ट आणि पत्रा सैल असेल तर नुसता पत्रा उडेल. कडेच्या आणि वळचणीच्या रांगांत ओढ सगळ्यात जास्त असते, तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारा.

पाइप कुठला घ्यायचा? फॅब्रिकेटर म्हणतो १८ गेज भरपूर झाला.

त्याला भरपूर झाला, तुम्हाला नाही. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर जाडी. त्याला वेल्डिंग करताना भोक पडतं, आणि खाऱ्या हवेत तो टिकत नाही. खांबांना आणि वरच्या तिरक्या पाइपांना २ × २ इंची, २ मिलिमीटर जाडीचा घ्या. पर्लिनना, म्हणजे ज्यांवर पत्रा बसतो त्या आडव्या पाइपांना, दीड इंची चालतो, पण १६ गेजच्या खाली उतरू नका. पर्लिन चार, मधलं अंतर पावणेतीन फुटांच्या आत. सगळा सांगाडा दोनशे किलोच्या आसपास जातो.

दर चौरस फुटावर सांगितला तर पाइप कुठला येणार ते कळत नाही. किलोवर ठरवा, पाइपचं माप आणि जाडी कागदावर लिहून घ्या आणि माल काट्यावरून आल्याची पावती मागा. चांगला फॅब्रिकेटर यावर रागावत नाही. सांगाडा उभा करताना नुसते टाके मारून आधी कर्ण मोजायला लावा. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच पुरतं वेल्डिंग. ओळंबा आणि गुनिया त्याच्याकडे असतातच, पिशवीतून बाहेर यायला हवेत एवढंच.

वेल्डिंगच्या जागी जळालेला थर घासून काढा. मग रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर रंग. पाइपांची उघडी तोंडं झाकायला सांगा, नाहीतर आत पाणी साचतं आणि गांधीलमाश्या घर करतात.

सिमेंटचा पत्रा गार राहतो म्हणतात. तो घ्यावा का?

गार राहतो हे खरं. पण जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. ते कापताना, भोकं पाडताना किंवा फुटताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. आपण तर तिथे करवती आणि ड्रिल घेऊन वावरणारी माणसं. शिवाय नारळ पडला की तो तडकतो. घरात असे जुने पत्रे पडून असतील तर ते कापून शेडला वापरायचा मोह टाळा.

०.५ मिलिमीटरचा रंगीत पत्रा घ्या, फिकट रंगाचा. गडद निळा आणि विटकरी दुकानात उठून दिसतात, मे महिन्यात तापतातही तसेच. विदर्भ-मराठवाड्यात छपराखाली बुडबुड्यांचं चंदेरी इन्सुलेशन लावून घेतलेलं बरं.

पत्रा बसवताना कशावर लक्ष ठेवायचं?

चार गोष्टी बघा. पहिला पत्रा वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरू करा, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. एका पत्र्यावर दुसरा निदान दीड नाळ चढवा. छपरावर स्क्रू उंचवट्यावर मारा, नाळेत नको, कारण पाणी नाळेतूनच वाहतं. आणि रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर येईपर्यंत आवळू नका, दोन उन्हाळ्यांत तो तडकतो आणि गळती सुरू होते.

भिंतीचा पत्रा कापायचा झाला तर कात्रीनं कापा. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगावर चिकटतात आणि पहिल्याच पावसात तिथे गंजाचे ठिपके उमटतात. छपरावर पडलेला ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी झाडून घ्या.

छप्पर गळत नाही, तरी सामान ओलसर कसं?

रात्री पत्रा हवेपेक्षा लवकर गार होतो, आणि कोंडलेल्या हवेतलं बाष्प त्याला आतून लागून थेंब धरतं. पावसाळा सरताना आणि थंडीत पहाटे हे जास्त दिसतं. उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. छपराखाली समोरासमोरच्या दोन्ही लांब भिंतींवर सहा इंचांची फट सोडा आणि तिला बारीक जाळी लावा. वळचण फूटभर असल्यामुळे झड सहसा आत येत नाही. सामान भिंतीला चिकटवू नका.

लाकूड कसं रचायचं?

इथे घाई करू नका, शेड त्यासाठीच तर आहे.

जमिनीपासून फूटभर उंचीवर लोखंडी घोडे किंवा आडवे पाइप ठेवा, सगळे एका पातळीत. त्यावर फळ्यांचा एक थर, मग त्यावर दीड-दोन फुटांच्या अंतरानं इंचभर जाडीच्या आडव्या पट्ट्या, मग पुढचा थर. प्रत्येक थरातल्या पट्ट्या खालच्या पट्टीच्या बरोबर वर आल्या पाहिजेत. त्या सरकल्या की फळी तिथेच वाकते, आणि वाळल्यावर ते वाकणं कायमचं होतं. फळ्यांच्या टोकांना ऑइल पेंट फासा, कारण टोकाकडून लाकूड पटकन वाळतं आणि चिरतं. ताज्या चिरलेल्या लाकडाला इंचभर जाडीमागे साधारण वर्ष द्यावं, असा जुना ठोकताळा आहे.

लाकडाप्रमाणेही फरक करा. सागाची आणि फणसाची गाभ्याची फळी निवांत राहते. आंबा मात्र किड्याच्या फार आवडीचा. थप्पीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर ती फळी लगेच बाहेर काढा.

शेडमधून आणलेली फळी त्याच दिवशी कापायला घेऊ नका. किनाऱ्यावर पावसाळ्यात लाकडातली ओल १८ टक्क्यांच्या आसपास जाते. उन्हाळ्यात घरात ती बरीच खाली येते. या चढउतारानं सागाची आठ इंची फळीसुद्धा रुंदीत दोन मिलिमीटरच्या आसपास कमी-जास्त होते. कपाटाचा खण जुलैमध्ये अडकतो आणि मार्चमध्ये सैल होतो तो याचमुळे. कामाला लागणारं लाकूड दोन-तीन आठवडे आधी वर्कशॉपमध्ये आणून ठेवा.

वाळवी, उंदीर आणि जनावरांचं काय?

भराव घालतानाच वाळवीचं औषध मारून घ्या, कोबा झाल्यावर ते काम महागात पडतं. लाकूड जमिनीला किंवा भिंतीला टेकलं नाही तर वाळवीला मातीची नळी उघड्यावरून न्यावी लागते आणि ती आपल्याला दिसते. नारळाच्या करवंट्या, सोडणं, भाताचं पोतं असलं काही आत ठेवू नका. त्यामागे उंदीर येतात आणि उंदरामागे जनावर, म्हणजे साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं थप्पीच्या फटीत सहज मावतं. खालच्या थराला हात घालण्याआधी बॅटरी मारा आणि काठीनं हलवा. थप्पीखालची फूटभर मोकळी जागा यासाठीही असते.

शेडमध्ये वीज घ्यावी का?

एका दिव्यापुरतं काम असेल तर चार्जिंगचा किंवा सोलर दिवा लावून मोकळे व्हा. वायर ओढायचीच असेल तर ती पाइपमधून न्या, शेडच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ओल्या पायानं पत्र्याच्या दाराला हात लागणार आहे, हे लक्षात ठेवून परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्या.

बांधायला कधी घ्यावी?

दिवाळीनंतर. पायाच्या काँक्रीटला आठवडाभर पाणी मारायला हवं, त्यानंतर सांगाडा आणि पत्रे चार-पाच दिवसांत होतात. एप्रिल-मेमध्ये अख्ख्या तालुक्याला पावसाळी शेड हवी असते. तेव्हा फॅब्रिकेटर फोन उचलत नाही, आणि उचललाच तर घाईत काम उरकतो.

शेड झाली की घरातले सगळेच तिथे सामान आणून टाकतात. काय करावं?

टाकणारच. तुटका मिक्सर, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट). माटवीला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये, ती वर्षातून एकदाच खाली येते. तिच्यासाठी उंच बाजूला छपराखाली माळा करा. बाकीच्यांसाठी एक कोपरा, फार तर तीन फुटांचा, आखून द्या आणि तो भरला की आधीचं भंगारवाल्याला गेल्याशिवाय नवं येणार नाही असं ठरवा. गाद्यांना ठाम नकार द्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते आणि उंदीर तिथे बाळंत होतात.

पुढे जागा बदलली तर शेड हलवता येईल?

बेस प्लेट बोल्टवर असेल तर येते. नट आधी गंजू नयेत म्हणून त्यांना ग्रीस लावून वर प्लास्टिकची टोपी घाला. पत्रे उतरवताना खडूनं क्रमांक टाका, म्हणजे पुन्हा बसवताना भोकं जुळतात. जुने स्क्रू परत वापरू नका, त्यांचे वॉशर तोवर कामातून गेलेले असतात. पायाचे ठोकळे तिथेच राहतील. ते उकरून काढण्यापेक्षा त्यावर बोल्ट कापून टाका आणि कुंड्या ठेवा.